फिरतं चक्र, सत्तावीस तास आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सोशल इनोव्हेशनबद्दल लिहिताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की संशोधन न करता काढलेला नवोपक्रम म्हणजे अंधारात मारलेला दगड. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आलीत की विचारू नका, काही जण तर चांगलेच रागावलेत. 'नवोपक्रम' हा शब्द बोजड आहे अशी तिघांची तक्रार आहे, मान्य, पण 'सोशल इनोव्हेशन' तरी कुठे सोपा आहे? समाजातला एखादा अडलेला प्रश्न सोडवायची नवी रीत, एवढंच, मग ती वस्तू असो, सेवा असो नाहीतर नुसता एखादा नियम बदलणं असो. तर चला, प्रश्न घेऊया.

ताई, आम्ही पाच मित्र, सगळे इंजिनिअर. एकट्या राहणाऱ्या वयस्कर लोकांसाठी ॲप बनवतोय, म्हणजे त्यांना गप्पा मारायला कोणीतरी मिळेल. प्रोटोटाइप तयार आहे. एका प्राध्यापकांना दाखवलं तर म्हणाले, आधी सहा महिने लोकांच्या घरी जाऊन बघा. सहा महिन्यांत तर दुसरंच कोणीतरी लाँच करेल! ऑनलाइन फॉर्म फिरवून सर्व्हे आम्ही केलाय आणि बहुतेक सगळ्यांनी 'हो, वापरू' असंच लिहिलंय. अजून काय हवं?

आधी त्या प्राध्यापकांना माझा नमस्कार सांगा.

'हो, वापरू' ह्या उत्तराला फार किंमत नसते हो. उत्साही पोरं काहीतरी चांगलं करतायत म्हटल्यावर तोंडावर नाही कोण म्हणणार? आणि लोक खोटं बोलतात असंही नाही, पुढच्या महिन्यात आपण काय करू हे त्यांचं त्यांनाच माहीत नसतं. म्हणून फील्डवर मुरलेली माणसं विचारण्यापेक्षा बघण्यावर जास्त विश्वास ठेवतात.

प्लेपंपची गोष्ट ऐकलीय का? दक्षिण आफ्रिकेत निघालेली आयडिया. मुलांचं खेळायचं गोल चक्र, ते फिरलं की जमिनीखालचं पाणी वर टाकीत चढणार, टाकीवर जाहिरातींचे फलक आणि त्या पैशातून देखभाल. इतकं गोड की ऐकणारा पाघळलाच पाहिजे. २००० साली वर्ल्ड बँकेचं बक्षीस मिळालं, २००६ मध्ये अमेरिकेत १ कोटी ६४ लाख डॉलरची मदत जाहीर झाली आणि २०१० पर्यंत चार हजार पंप बसवायचं ठरलं. मग लोकांनी जाऊन बघितलं तर काय, मुलं काही दिवसभर खेळत नाहीत, पाणी मात्र रोज लागतं, मग ते जड चक्र ढकलतं कोण तर बायका, त्यातल्या काही म्हाताऱ्या, आणि कित्येक ठिकाणी तर आधीचा साधा हातपंप उपटून त्या जागी हे बसवलेलं. 'गार्डियन' ह्या ब्रिटिश वृत्तपत्राने २००९ मध्ये हिशोब मांडला की जेवढ्या लोकांना पाणी पुरवायचं म्हणतायत तेवढं काढायला मुलांना रोज २७ तास खेळावं लागेल. सत्तावीस! पाणी घरात कोण भरतं आणि कधी भरतं, हा प्रश्न इंजिनिअरिंगचा नव्हता म्हणून त्याला कोणी वजन दिलं नाही.

आता उलटी गोष्ट. २००२ च्या सुमारास ब्रिटिश सरकारच्या पैशावर काही संशोधक युगांडा, बोत्सवाना आणि घानामध्ये लोक मोबाइल कसा वापरतात ते बघत होते. त्यांना दिसलं की लोक टॉकटाइम विकत घेतात आणि लांबच्या नातेवाइकाला पाठवतात, तो नातेवाईक तो टॉकटाइम दुसऱ्याला विकून रोख पैसे करून घेतो. म्हणजे टॉकटाइमचंच नाणं झालं होतं, कोणी न शिकवता. हीच पद्धत जरा नीट, सुरक्षित करून देता येईल का, ह्या विचारातून पुढे केनियात एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा आली. त्यातही गंमत बघा, २००५ चा पायलट, म्हणजे छोटी चाचणी, होता छोट्या कर्जांचे हप्ते फोनवरून भरण्यासाठी, पण लोक तो भलत्याच कामांना, मुख्यतः एकमेकांना पैसे पाठवायला वापरायला लागले. टीमने हट्ट केला नाही, २००७ मध्ये कर्जबिर्ज बाजूला ठेवून 'घरी पैसे पाठवा' एवढंच घेऊन ते बाजारात उतरले. आणि ते धडाक्यात चाललं.

मला विचाराल तर संशोधन तुम्हाला आयडिया देत नाही, आयडिया तुमच्याकडे ढीगभर आहेतच. ते तुमचा प्रश्न बदलून देतं. आत्ता तुमचा प्रश्न आहे, 'ह्यांना बोलायला माणूस कसा मिळवून देऊ?' दहा घरी बसल्यावर कदाचित कळेल की त्यांना बोलायला माणूस नकोच आहे, कोणाच्या तरी उपयोगी पडायचंय, मग ॲप उलटं बनवावं लागेल, त्यांना मदत देणारं नाही, त्यांच्याकडून मदत घेणारं. किंवा कळेल की ॲप लागतच नाही. हे दुसरं ऐकायची तयारी ठेवा. सहा महिने फार वाटत असतील तर सहा आठवडे द्या, पण फॉर्म नको, एकेका घरी अख्खा दिवस जा, त्यांचा फोन कुठे ठेवलेला असतो, वाजला तर कोण उचलतं, दुपारी काय चालतं ते बघा आणि घरी आल्यावर लगेच लिहून काढा, दुसऱ्या दिवशी निम्मं विसरलेलं असतं.

मुलीला बारावीनंतर समाजशास्त्र घ्यायचंय. मला चालेल, पण तिच्या बाबांचं एकच पालुपद, 'समाजशास्त्राने आजवर काय बनवलं ते दाखव, मग फी भरतो.' काय दाखवू?

मायकल यंग दाखवा. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ. १९५० च्या दशकात लंडनच्या पूर्व भागातल्या जुन्या वस्त्या पाडून लोकांना शहराबाहेरच्या नव्या घरांत पाठवणं चाललेलं, आणि योजना आखणाऱ्यांचा समज असा की शहरात नवरा-बायको-मुलं म्हणजेच कुटुंब, बाकी गोतावळा कधीच संपला. यंग आणि त्यांचे सहकारी पीटर विलमट बेथनल ग्रीन भागात घरोघर जाऊन बसले. तिथे दिसलं की लग्न झालेली मुलगी आईपासून दोन गल्ल्यांवर राहते, दिवसातून चार वेळा येणं-जाणं आहे, मूल सांभाळणं, आजारपण, नोकरीची ओळख सगळं त्या जाळ्यातून होतंय. नवी घरं चांगली होती, मोकळी होती, पण ते जाळं तुटलं आणि विशेषतः बायका एकट्या पडल्या. हा अभ्यास १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता बाबांसाठीचा भाग. ह्याच माणसाने त्याच वर्षी ब्रिटनमधली ग्राहक संघटना सुरू केली, जी वस्तू स्वतः तपासून कुठली घ्यावी ते सांगते. १९६३ मध्ये पत्राने शिकवणारं कॉलेज काढलं, आणि ज्या ओपन युनिव्हर्सिटीला १९६९ मध्ये सनद मिळाली तिच्या कल्पनेच्या मुळाशीही तेच. १९९० मध्ये फोनवरून दुभाषा देणारी सेवा काढली, कारण पूर्व लंडनच्या हॉस्पिटलात पेशंटला डॉक्टरची भाषा येत नव्हती आणि डॉक्टरला पेशंटची. ही यादी बरीच लांब आहे, पण सगळीकडे सवय एकच, बसून ऐकायचं आणि माणूस नेमका कुठे अडतोय ते पकडायचं.

अर्थात प्रत्येक जण काही यंग होत नाही, इंजिनिअरिंगला गेलेला प्रत्येक जण तरी कुठे पूल बांधतो? मुलीला माझ्याकडून एवढंच सांगा की संख्याशास्त्राचा पेपर टाळू नकोस, आमच्याकडची अर्धी मुलं तिथेच पळ काढतात आणि पुढे पस्तावतात.

सर्व्हेसाठी किती लोक घ्यावेत? एकच आकडा सांगा.

एकच आकडा नसतो. लोक असं *का* वागतात हे समजायचं असेल तर वीस-पंचवीस जणांशी निवांत बोला, नवीन काही कानावर येईनासं झालं की थांबा. *किती* लोक असं वागतात हे सांगायचं असेल तर यादीतून चिठ्ठ्या काढल्यासारखे रँडम निवडलेले काही शे तरी हवेत. आणि व्हॉट्सॲपवर लिंक फिरवून आलेली तीन हजार उत्तरं म्हणजे ज्यांना वेळ होता त्यांची उत्तरं, बाकी काही नाही.

आमची संस्था वाट चुकलेल्या मुलांसाठी गेली कित्येक वर्षं काम करतेय. मुलं, पालक, कार्यकर्ते सगळे समाधानी आहेत, मुलं मोठी होऊन भेटायला येतात, डोळ्यात पाणी येतं हो. आता फंडिंग देणारे म्हणतात बाहेरच्या संशोधकांकडून मूल्यमापन करून घ्या. आमच्यावर विश्वास नाही का? हा अपमान वाटतो.

वाटणारच. पण तुमच्याच क्षेत्रातली एक जुनी गोष्ट सांगते, जरा कडू आहे.

१९३९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज आणि समरव्हिल ह्या दोन गावांत एक कार्यक्रम सुरू झाला. गुन्हेगारीकडे वळू शकतील अशी भीती असलेली ५०६ मुलं, त्यांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या कोणाला मदत मिळणार हे नाणं उडवून ठरवलं. ज्यांना मिळाली त्यांना खरंच भरभरून मिळाली, घरी येणारा समुपदेशक, अभ्यासात मदत, दवाखाना, उन्हाळी शिबिरं, सरासरी पाच वर्षं. तीस वर्षांनी जोन मकॉर्ड ह्या संशोधक बाईंनी त्या मुलांना, म्हणजे तोवर मध्यमवयीन झालेल्या पुरुषांना, शोधून काढलं. मदत मिळालेल्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश म्हणाले की कार्यक्रमाचा आम्हाला फायदा झाला. काहींनी तर समुपदेशकांची प्रेमाने आठवण काढली. आणि कागदपत्रं तपासली तर दारूचं व्यसन, पुन्हा पुन्हा केलेले गुन्हे, लवकर आलेला मृत्यू, अशा सात गोष्टींत मदत मिळालेले *मागे* होते, एकाही गोष्टीत पुढे नव्हते. १९७८ मध्ये हे छापून आलं तेव्हा खळबळ उडाली.

समाधान आणि परिणाम ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जोडीतला दुसरा मुलगा समोर नसेल तर तो फरक कधीच दिसत नाही. तुम्हाला भेटायला येतात ती सावरलेली मुलं, न सावरलेली कशाला येतील? आणि तुम्ही नसतात तरी त्यातली किती सावरली असती हे तुम्हाला किंवा मला कसं कळणार? १९७० च्या दशकात अमेरिकेत आणखी एक प्रयोग फार गाजला, मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून घाबरवून सोडायचं. टीव्हीवर वाहवा झाली, ठिकठिकाणी नक्कल झाली. नंतर नीट तुलना करून झालेल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तर घाबरवलेल्या मुलांकडून गुन्हे *जास्त* झाले होते, काहीच केलं नसतं तर बरं झालं असतं अशी गत.

सगळे निकाल असे भीषण नसतात, बरेचसे नुसते फिके असतात. बांगलादेशात मुहम्मद युनूस ह्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९७६ मध्ये जोब्रा गावातल्या ४२ जणांना स्वतःच्या खिशातून मिळून २७ डॉलर दिले, त्यातून 'ग्रामीण बँक' ह्या नावाची त्यांची बँक आणि जगभरची मायक्रोक्रेडिटची, म्हणजे गरिबांना छोटी कर्जं देण्याची, लाट आली, २००६ ला नोबेल. मग २०१५ मध्ये सहा देशांतले रँडम पद्धतीचे अभ्यास एकत्र छापून आले, त्यात आपल्या हैदराबादचाही होता. निष्कर्ष काय, तर छोटं कर्ज काहींना धंदा वाढवायला उपयोगी पडतं, पण सरासरी बघता गरिबी हटत नाही. ह्याने मायक्रोक्रेडिट बंद पडलं नाही, आणि पडायलाही नको होतं, पण 'सगळ्यांना कर्ज द्या, प्रश्न सुटेल' हे म्हणणं अवघड झालं आणि लोक बचत, विमा, थेट मदत असे दुसरे रस्ते गांभीर्याने तपासायला लागले.

तेव्हा करून घ्या मूल्यमापन. फक्त एक अट आधीच घाला, निकाल वाईट आला तरी फंडिंग लगेच थांबणार नाही, सुधारायला वर्ष-दोन वर्षं मिळतील. ही अट नसेल तर तुम्ही काहीतरी लपवणारच, कोणीही लपवेल.

नाणं उडवून कोणाला मदत द्यायची ते ठरवायचं? बाकीच्यांनी काय पाप केलंय? हे अनैतिक नाही का?

सगळ्यांना पुरेल इतके पैसे असताना असं केलं तर आहेच. पण बहुतेक वेळा पैसे पुरत नसतात, कोणीतरी आधी आणि कोणीतरी नंतर हे होणारच असतं, प्रश्न एवढाच की तो क्रम ओळखीपाळखीने लावायचा की चिठ्ठीने. मेक्सिकोने १९९७ मध्ये प्रोग्रेसा नावाची योजना आणली, मुलं शाळेत आणि दवाखान्यात नियमित गेली तर आईच्या हातात रोख पैसे. अभ्यासासाठी ५०६ गावं घेतली, ३२० गावांत आधी सुरू केलं आणि १८६ गावांत साधारण दीड वर्षाने. उशिरा आलेली गावं तेवढ्या काळापुरती तुलनेला मिळाली, कायमचं वंचित कोणीच राहिलं नाही. शाळेतली हजेरी वाढल्याचा पुरावा इतका पक्का होता की २००० साली सत्ता दुसऱ्या पक्षाकडे गेली तरी योजना टिकली, फक्त नाव बदललं. (नाव बदलल्याशिवाय चैन कुठल्याच सरकारला पडत नाही, असो.)

मात्र अशा प्रयोगांची एक मर्यादा आहे, ते 'फरक पडला का' हे झकास सांगतात, 'का पडला' ह्यावर बरेचदा गप्प बसतात. त्यासाठी पुन्हा कोणाच्या तरी ओट्यावर जाऊन बसावंच लागतं.

मी आमच्या वस्तीत आरोग्याचं काम करते. दर वर्षी कॉलेजची नाहीतर संस्थेची पोरं येतात, दोन-दोन तास फॉर्म भरून घेतात, बायकांचा रोज बुडतो, आणि मग कोणी तोंड दाखवत नाही. आम्ही काय नुसते प्रश्नांची उत्तरं द्यायलाच आहोत का?

ताई, ह्याला माझ्याकडे बचाव नाही. मी स्वतः विद्यार्थी असताना असेच फॉर्म भरून घेतलेत आणि परत गेले नाही, आजही ते आठवलं की लाज वाटते.

पण मोजणी तुमच्या हातात आली की चित्र बदलतं. १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर मुंबईत पदपथावर राहणाऱ्यांच्या डोक्यावर हटवले जाण्याची टांगती तलवार होती. सरकारी हिशोबात ही माणसं धड कुठे नव्हतीच. तेव्हा स्पार्क ह्या संस्थेने तिथल्याच लोकांना बरोबर घेऊन साधारण सहा हजार कुटुंबांची गणती केली, कोण कुठून आलं, काय काम करतं, कामाला कसं जातं. त्यातून दिसलं की ही काही आज आली उद्या गेली अशी माणसं नाहीत, जवळपासच कामं करतात आणि चालत जातात, म्हणून तर तिथे राहतात. त्या माहितीच्या जोरावर नंतर अधिकाऱ्यांशी बोलणी करता आली. स्वतःची वस्ती स्वतः मोजायची ही रीत पुढे दुसऱ्या देशांतल्या झोपडपट्टी संघटनांनीही उचलली.

किंवा व्हिएतनाम घ्या. १९९० च्या शेवटी जेरी आणि मोनिक स्टर्निन हे जोडपं कुपोषणाचं काम करायला तिथे गेलं, सरकारने मुदत दिली सहा महिन्यांची. त्यांनी बाहेरून काही आणलं नाही, गावातल्याच लोकांना विचारलं की अतिशय गरीब असूनही ज्यांची मुलं धडधाकट आहेत अशी घरं आहेत का? होती. त्या आया शेतातले बारीक झिंगे-खेकडे आणि रताळ्याचा पाला मुलांच्या जेवणात घालत होत्या आणि दिवसातून जास्त वेळा थोडं थोडं भरवत होत्या. उत्तर गावातच होतं, शोधलंही गावानेच, मग इतर आयांना पटवायला भाषण लागलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी पोरं आली की फॉर्म हातात घ्यायच्या आधी विचारा, निष्कर्ष आम्हाला आमच्या भाषेत कधी सांगणार, प्रश्न ठरवताना आमच्यातलं कोण होतं, आणि बुडालेल्या रोजाचं काय? उत्तर नसेल तर सरळ परत पाठवा, तो तुमचा हक्क आहे.

मी निवृत्त संशोधक. घरकाम करणाऱ्या बायकांवर तीन वर्षं खपून दोनशे पानांचा रिपोर्ट दिला, खात्याच्या कपाटात धूळ खातोय. संशोधनातून बदल होतो असं तुम्ही लिहिता तेव्हा हसू येतं.

हसा, पण एका गावाबद्दल वाचा. ऑस्ट्रियातलं मारिएनथाल, ४७८ कुटुंबं, सगळं गाव एका कापड गिरणीवर, आणि १९२९-३० मध्ये गिरणी बंद. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड, हान्स झाइझेल हे संशोधक आणि त्यांचे सहकारी तिथे गेले. त्यांचा नियम होता की नुसतं बघ्यासारखं कोणी गावात राहायचं नाही, प्रत्येकाने गावाच्या काहीतरी उपयोगी पडायचं, मग कपडे गोळा करून वाटले, डॉक्टरांची तपासणी ठेवली, शिवणाचे वर्ग घेतले. (वरच्या पत्रातल्या ताईंनी हे येणाऱ्या पोरांना जरूर वाचून दाखवावं.) आणि खिडकीआड उभं राहून घड्याळ लावून लोकांचा चालण्याचा वेग मोजला! कामधंदा गेलेले पुरुष रेंगाळत, थांबत थांबत चालायचे, बायका भराभर, कारण घरचं काम त्यांना होतंच. वेळच वेळ असूनही ग्रंथालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आली. बेकार माणसं पेटून उठतील असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटायचं, इथे दिसलं की ती मुकाट खचत जातात.

१९३३ मध्ये हे छापून आलं, आणि थोड्याच वर्षांत याहोडांना तुरुंगात आणि मग देशाबाहेर जावं लागलं. तुमच्या कपाटापेक्षा वाईट अवस्था म्हणायची. पण त्यांनी पुढे त्यावरूनच मांडणी केली की नोकरी पगाराखेरीज आणखी पाच गोष्टी देते, दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, सगळ्यांबरोबर मिळून करायचं काहीतरी, समाजात एक जागा आणि हातापायांना काम. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच गावात, आता ते ग्रामाटनॉयझीडेलमध्ये येतं, एक योजना सुरू झाली, वर्षभराहून जास्त बेकार असलेल्या प्रत्येकाला हवी असल्यास नोकरीची हमी. ऑक्सफर्डच्या अर्थतज्ज्ञांनी तिचं मूल्यमापन केलं तेव्हा कमाईबरोबर याहोडांच्या यादीतल्या गोष्टीही मोजल्या, आणि दिवसाला आकार येणं, लोकांत मिसळणं ह्यांत सुधारणा दिसली. मधे गेली जवळजवळ नव्वद वर्षं.

तुम्हाला नव्वद वर्षं थांबा असं मी म्हणणार नाही. दोनशेतली दहा पानं सोप्या मराठीत करा आणि ती खात्याला नको, ज्यांच्यावर लिहिलंय त्या बायकांच्या संघटनेला द्या. जमलं तर एक प्रत मलाही पाठवा.